आभासी जाळ्यांतील संपर्कदोष : स्वरूप आणि निदानपद्धती

संगणकांच्या जाळ्यात उद्भवणाऱ्या दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील दोष आपली वार्ता आपणच देतात. केबल तुटली की पोर्टावरील दिवा विझतो. वीज गेली की स्विच बंद पडतो. यंत्र तापले की तशी सूचना नोंदवहीत उमटते. दुसऱ्या वर्गातील दोष मात्र निःशब्द असतात. दिवे लागलेले असतात, केबल शाबूत असते, प्रत्येक स्विच स्वतःपुरता निर्दोष असतो, आणि तरीही एका खोलीतील संगणकास दुसऱ्या खोलीतील संगणकाशी संपर्क साधता येत नाही. आभासी स्थानिक जाळी, म्हणजे ज्यांस व्यवहारात व्ही-लॅन म्हणतात, त्यांच्या मांडणीतील बहुतेक दोष या दुसऱ्या वर्गात मोडतात.

या दोषांचे स्वरूप कोणते व त्यांच्या निदानाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यातील मुख्य प्रतिपाद्य आरंभीच सांगून ठेवणे इष्ट होईल. व्ही-लॅनचा दोष हा बहुधा एखाद्या यंत्रातील बिघाड नसतो. तो दोन यंत्रांमधील संकेताचा भंग असतो. म्हणून एकेक यंत्र सुटे तपासून तो सापडत नाही. प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांची तुलना करावी लागते. विद्यापीठासारख्या संस्थेत परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृहे यांची जाळी त्याच त्या केबलींवरून, परंतु परस्परांपासून अलग अशी चालविली जातात. तेथे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. संकेत एका रीतीने भंगला तर संपर्क तुटतो व तक्रार येते. दुसऱ्या रीतीने भंगला तर जे अलग राहावयास हवे ते एकत्र मिसळते, आणि तक्रार कोणाचीच येत नाही.

१. व्ही-लॅनची आवश्यकता

ईथरनेटची कल्पना १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. तिच्या मूळ स्वरूपात सर्व संगणक एकाच केबलीस जोडलेले असत व एकाचे बोलणे सर्वांच्या कानी पडे. पुढे स्विच आले व ही स्थिती पालटली. कोणत्या पोर्टावर कोणता संगणक आहे हे स्विच फ्रेमवरील प्रेषकाच्या पत्त्यावरून शिकतो आणि पुढील फ्रेम नेमकी त्याच पोर्टावर धाडतो. तथापि सर्वांस उद्देशून काढलेली फ्रेम त्याला सर्वत्र पोहोचवावीच लागते. ही फ्रेम जितक्या संगणकांपर्यंत पोहोचते तितका प्रदेश म्हणजे एक स्थानिक जाळे होय. संगणकांची संख्या वाढली की असा प्रदेश बोजड होतो. शिवाय ज्यांचा परस्परांशी संबंध येऊ नये अशी खाती त्यात एकत्र नांदू लागतात.

प्रत्येक खात्यास स्वतंत्र स्विच व स्वतंत्र केबल देणे हा त्यावरील एक उपाय. परंतु तो खर्चाचा. दुसरा उपाय असा की, एकाच स्विचचे मनोमन अनेक भाग पाडावयाचे आणि एका भागातील फ्रेम दुसऱ्या भागात जाऊ द्यावयाची नाही. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत डेव्हिड सिंकोस्की यांनी १९८० नंतरच्या दशकात या दिशेने मूलभूत काम केले. आरंभी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या रीती रूढ केल्या. सिस्को कंपनीच्या आय.एस.एल. या रीतीत मूळ फ्रेमला २६ बाइटांचे शीर्ष व ४ बाइटांचे पुच्छ जोडून ती जणू लखोट्यात घालीत. १९९८ साली ८०२.१क्यू हे प्रमाण निश्चित झाले आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या स्विचांना एक समान लिपी लाभली.

२. खूण आणि खुणेचा लोप

या प्रमाणानुसार फ्रेममध्ये प्रेषकाच्या पत्त्यालगत ४ बाइटांची एक खूण, म्हणजेच टॅग, घातली जाते. तिच्या ३२ बिटांपैकी पहिले १६ बिट ‘येथे खूण आहे’ एवढेच सांगतात. षोडशमान पद्धतीत त्यांचे मूल्य ८१०० असते. पुढील ३ बिट अग्रक्रमासाठी व १ बिट गर्दीच्या वेळी कोणती फ्रेम प्रथम टाकून द्यावी हे सुचविण्यासाठी असतो. उरलेल्या १२ बिटांत व्ही-लॅनचा क्रमांक येतो. १२ बिटांत ४०९६ मूल्ये मावतात. त्यांपैकी ० व ४०९५ राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. या खुणेमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइटांवरून १५२२ बाइटांवर जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. खुणेत केवळ क्रमांक असतो, नाव नसते. एका स्विचवर २० या क्रमांकास ‘परीक्षा’ असे नाव दिले व दुसऱ्यावर त्याच क्रमांकास ‘वसतिगृह’ असे नाव दिले, तरी फ्रेम विनातक्रार परीक्षा विभागातून वसतिगृहात जाईल. ‘शिक्षा’ हा शब्द मराठी वाचक एका अर्थाने घेतो व हिंदी वाचक दुसऱ्या. अक्षरे तीच, वाचन दोघांचेही शुद्ध, आणि गैरसमज मात्र पुरा. क्रमांकाचा अर्थ क्रमांकात नसतो. तो दोन्ही टोकांनी पाळावयाच्या संकेतात असतो.

पोर्टांचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. संगणक जोडावयाच्या पोर्टास अ‍ॅक्सेस पोर्ट म्हणतात. संगणक सामान्यतः खूण घालीत नाही. त्याच्याकडून खूणरहित फ्रेम येते आणि पोर्टास नेमून दिलेल्या व्ही-लॅनमध्ये स्विच तिची गणना करतो. दोन स्विचांना जोडणाऱ्या दुव्यावर अनेक व्ही-लॅनची वाहतूक चालते. त्या दुव्यास ट्रंक म्हणतात व त्यावरील फ्रेम खूणयुक्त असते. याला एक अपवाद आहे. ट्रंकवर एका व्ही-लॅनची वाहतूक खुणेवाचूनच होते. तिला नेटिव्ह व्ही-लॅन म्हणतात आणि काही वेगळे सांगितले नसेल तर तिचा क्रमांक १ असतो.

अर्थात ट्रंकवर खूण नसणे हीदेखील एक खूणच होय. भाषेच्या अभ्यासकास ही कल्पना अपरिचित नाही. पाणिनीच्या व्याकरणात लोप पावलेल्या प्रत्ययाचेही कार्य मानले आहे. मराठीत ‘ऊठ’ या रूपास कोणताही प्रत्यय दिसत नाही. परंतु ‘उठा’, ‘उठू’, ‘उठो’ या रूपांच्या मालिकेत हा अभावच द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञार्थ दर्शवितो. मात्र अभावास अर्थ येतो तो समोरच्यास तीच मालिका ठाऊक असेल तरच. नेटिव्ह व्ही-लॅनचे सारे दोष या एका अटीच्या भंगातून जन्मतात. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. प्रश्नाची मर्यादा ठरविणे

स्विचवर एकही आज्ञा देण्यापूर्वी दोषाचा प्रदेश आखून घ्यावा. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे होतात. त्याच स्विचवरील त्याच व्ही-लॅनमधील शेजारच्या संगणकाशी संपर्क होतो काय? दुसऱ्या स्विचवरील, परंतु त्याच व्ही-लॅनमधील संगणकाशी होतो काय? आणि दुसऱ्या व्ही-लॅनमधील संगणकाशी होतो काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर दोष पोर्टात, पोर्टाच्या नेमणुकीत किंवा खुद्द संगणकात आहे. पहिल्याचे होकारार्थी व दुसऱ्याचे नकारार्थी असेल तर दोष ट्रंक दुव्यावर आहे. पहिल्या दोहोंचे होकारार्थी व तिसऱ्याचेच नकारार्थी असेल तर व्ही-लॅन निर्दोष असून दोष दोन जाळ्यांना जोडणाऱ्या राउटिंगच्या पातळीवर आहे. हे तीन प्रश्न न विचारता ट्रंकच्या मांडणीत हात घालणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषध देणे होय.

या चाचण्यांत प्रमाण म्हणून काय स्वीकारावे, याबाबत काटेकोर राहिले पाहिजे. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे मार्ग तुटला, असे अनुमान सदोष ठरते. कित्येक संगणकांची संरक्षक भिंत पिंगला मुद्दामच उत्तर देत नाही. त्यापेक्षा ए.आर.पी.ची सारणी पाहणे श्रेयस्कर. पिंगच्या प्रयत्नानंतर समोरच्या संगणकाचा मॅक पत्ता या सारणीत उमटला असेल, तर प्रश्न तेथवर गेला व उत्तर येथवर आले, हे सिद्ध होते. व्ही-लॅनच्या पातळीवर दोन्ही दिशा खुल्या आहेत. सारणीत जुनी नोंद शिल्लक असू शकते, म्हणून ती आधी पुसून मग चाचणी घ्यावी. त्याचप्रमाणे संगणकास आपोआप मिळावयाचा पत्ता न मिळता १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता त्याने स्वतःच घेतला असेल, तर पत्ते वाटणाऱ्या सेवेपर्यंत त्याची हाक पोहोचली नाही किंवा तिचे उत्तर परत आले नाही, असे समजावे.

खूण तपासण्यासाठी संगणकावर फ्रेम टिपून घेण्याची रीत प्रचारात आहे. तेथेही सावधगिरी हवी. अनेक नेटवर्क कार्डे व त्यांचे चालक खूण काढून टाकूनच फ्रेम पुढे देतात. तेव्हा टिपलेल्या फ्रेममध्ये खूण दिसली नाही, एवढ्यावरून ती केबलीवरही नव्हती असे म्हणता येत नाही.

४. स्विचवरील परीक्षा

पुढील विवेचन सिस्को कंपनीच्या कॅटलिस्ट मालिकेतील स्विचांस धरून केले आहे. इतर कंपन्यांच्या स्विचांवर आज्ञा वेगळ्या असल्या तरी क्रम तोच राहतो.

प्रथम ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ या आज्ञेने व्ही-लॅनची यादी पाहावी. दोन गोष्टी तपासावयाच्या असतात: संबंधित व्ही-लॅन या स्विचवर अस्तित्वात व कार्यरत आहे काय, आणि संगणकाचे पोर्ट तिच्यापुढे नोंदलेले आहे काय. एखादी व्ही-लॅन पुसून टाकली, तर तिला नेमलेली पोर्टे आपोआप दुसऱ्या व्ही-लॅनमध्ये जात नाहीत. ती निष्क्रिय होऊन या यादीतूनच नाहीशी होतात. म्हणून यादीत काय आहे याइतकेच काय नाही, हेही वाचावयास शिकले पाहिजे.

दुसरी आज्ञा ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ही होय, आणि निदानाच्या दृष्टीने तिचे मोल सर्वांत अधिक आहे. तिच्या उत्तराचे चार भाग असतात. पहिल्या भागात दुवा खरोखर ट्रंक झाला आहे काय व त्याची नेटिव्ह व्ही-लॅन कोणती, हे कळते. दुसऱ्यात त्या ट्रंकवर कोणत्या व्ही-लॅनना परवानगी आहे, हे येते. तिसऱ्यात परवानगी असलेल्यांपैकी कोणत्या या स्विचवर अस्तित्वात व कार्यरत आहेत, हे येते. चौथ्यात त्यांपैकी कोणत्यांची वाहतूक प्रत्यक्षात चालू आहे, हे सांगितलेले असते. ही जणू एकाखाली एक ठेवलेली चाळणी आहे. शोधावयाचा क्रमांक ज्या चाळणीत अडकला, त्यावरून दोषाचे नाव ठरते. पहिल्या भागात दुवाच नसेल तर ट्रंक झालेला नाही. क्रमांक दुसऱ्यात नसेल तर परवानगी नाही. दुसऱ्यात असून तिसऱ्यात नसेल तर ती व्ही-लॅन या स्विचवर निर्माणच केलेली नाही. तिसऱ्यात असून चौथ्यात नसेल तर स्पॅनिंग ट्रीने तो मार्ग रोखला आहे, किंवा पलीकडे गरज नाही असे समजून वाहतूक छाटली गेली आहे.

ट्रंक न होण्याचे एक कारण मौजेचे आहे. दुव्याची दोन टोके आपसांत वाटाघाट करून ट्रंक व्हावयाचे की नाही हे ठरवू शकतात. परंतु दोन्ही टोकांस ‘डायनॅमिक ऑटो’ ही रीत दिली असेल, तर प्रत्येक टोक दुसऱ्याने आरंभ करावा म्हणून थांबते. ‘पहिले आप’ म्हणत दोघेही उंबऱ्यावर उभे राहतात आणि दुवा अ‍ॅक्सेस दुवाच राहतो. एकाच व्ही-लॅनची वाहतूक चालू राहते व बाकीच्या मुक्या होतात. म्हणून दोन स्विचांमधील दुव्यावर वाटाघाट बंद ठेवून दोन्ही टोके स्पष्टपणे ट्रंक म्हणून नेमावीत.

स्पॅनिंग ट्रीने रोखलेले पोर्ट हा एरवी दोष नव्हे. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ साली सिद्ध केलेल्या या रीतीचे कार्यच मुळी वर्तुळाकार मार्ग तोडण्याचे आहे. परंतु दोन स्विचांमध्ये दोन समांतर ट्रंक असून अनेक व्ही-लॅन मिळून एकच स्पॅनिंग ट्री चालत असेल, तर एक ट्रंक सर्वांसाठीच रोखलेला असतो. अशा वेळी चालू ट्रंकच्या परवानगीतून कोणी २० हा क्रमांक वगळला, तर त्या व्ही-लॅनला उघड्या दाराने परवानगी नाही आणि परवानगीचे दार बंद, अशी अवस्था होते. दोन्ही व्यवस्था आपापल्या नियमाने बिनचूक असतात. दोष त्यांच्या संयोगात असतो.

तिसरे साधन ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’ या आज्ञेने मिळणारी पत्त्यांची सारणी. संगणकाचा मॅक पत्ता कोणत्या व्ही-लॅनमध्ये व कोणत्या पोर्टावर ऐकू आला, हे ती सांगते. मांडणीची यादी स्विचला काय सांगितले होते ते दाखविते, तर ही सारणी त्याने प्रत्यक्षात काय ऐकले ते दाखविते. संगणकापासून आरंभ करून मार्गावरील एकेका स्विचवर हा पत्ता शोधीत जावे. ज्या स्विचवर तो प्रथम आढळत नाही, त्याच्या व त्याच्या आधीच्या स्विचच्या दरम्यान दोष आहे. मात्र सारणीतील नोंद सामान्यतः ३०० सेकंद गप्प राहिल्यावर पुसली जाते. म्हणून तपासणीच्या वेळी संगणकाकडून काही तरी वाहतूक होत आहे, याची खात्री करून घ्यावी.

५. नेटिव्ह व्ही-लॅनची विसंगती

एका दुव्याच्या ‘क’ टोकास नेटिव्ह व्ही-लॅन १ आहे व ‘ख’ टोकास ३० आहे, असे मानू. ‘क’कडील ३० ची फ्रेम खूण घेऊन निघते आणि ‘ख’ने ती स्वीकारल्यास योग्य ठिकाणी पोहोचते. परंतु तिचे उत्तर ‘ख’कडून खुणेवाचून निघते, कारण तेथे ३० ही नेटिव्ह आहे, आणि ‘क’ त्या अभावाचा अर्थ १ असा लावतो. ३० मधील प्रश्न पोहोचतो, उत्तर हरवते. दुसरीकडे ‘क’कडील १ ची फ्रेम खुणेवाचून जाऊन ‘ख’च्या ३० मध्ये शिरते व तिचे उत्तरही खुणेवाचून परत येऊन ‘क’च्या १ मध्ये पडते. म्हणजे ज्यांचा संपर्क हवा होता त्यांचा तुटला, आणि ज्यांचा नको होता त्यांचा दोन्ही दिशांनी जुळला. पहिल्याची तक्रार येईल. दुसऱ्याची कोण करणार?

सिस्कोचे स्विच परस्परांना आपली ओळख देत असतात, त्यामुळे ही विसंगती ते नोंदवहीत लिहितात. त्यांची स्पॅनिंग ट्रीदेखील विसंगत व्ही-लॅनची वाहतूक रोखते. परंतु समोर दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल किंवा ही ओळख देणे बंद केलेले असेल, तर या सूचनेवर विसंबता येत नाही. म्हणून नेटिव्ह व्ही-लॅनचा क्रमांक दोन्ही टोकांवर प्रत्यक्ष वाचून ताडून पाहावा. आणि शक्यतो जिच्यात एकही संगणक नाही अशी व्ही-लॅन या कामासाठी राखून ठेवावी.

याच जातीचा एक दोष काही साध्या स्विचांवर एकाच पोर्टाच्या पोटात आढळतो. तेथे बाहेर जाणाऱ्या फ्रेमचा नियम व आत येणाऱ्या खूणरहित फ्रेमचा क्रमांक या दोन स्वतंत्र नेमणुका असतात. पोर्ट २० मध्ये खूणरहित म्हणून घातले, परंतु आत येणाऱ्या फ्रेमचा क्रमांक १ च राहिला, तर संगणक २० चे बोलणे ऐकतो आणि स्वतः बोलतो ते १ मध्ये.

परिभाषाही येथे घात करते. सिस्कोच्या परिभाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्ही-लॅन वाहणारा दुवा, एच.पी.च्या प्रोकर्व्ह मालिकेत ट्रंक म्हणजे अनेक केबली एकत्र बांधून केलेला एक दुवा, आणि पहिल्या अर्थासाठी तेथे पोर्ट ‘टॅग्ड’ करावयाचे असते. दोन खात्यांतील दोन तंत्रज्ञांनी दूरध्वनीवरून ‘दोन्हीकडे ट्रंक केले’ असे एकमेकांस सांगितले, तर दोघेही खरे बोलत असून दुवा बंद राहू शकतो.

६. व्ही-लॅनच्या पलीकडील कारणे

त्याच व्ही-लॅनमधील दूरचा संगणक भेटतो, परंतु दुसऱ्या व्ही-लॅनमधील भेटत नाही, अशा वेळी ट्रंकचा विचार सोडून गेटवेकडे वळावे. स्विचच राउटिंग करीत असेल, तर त्यावर प्रत्येक व्ही-लॅनसाठी एक आभासी इंटरफेस असतो. ती व्ही-लॅन अस्तित्वात नसेल, किंवा त्या स्विचवर तिचे एकही पोर्ट वाहतूक करीत नसेल, तर सामान्यतः हा इंटरफेस चालू होत नाही. राउटिंगची सोय मुळातच बंद असणे, संगणकास चुकीचा गेटवे दिलेला असणे, पत्ते वाटणारी सेवा दुसऱ्या व्ही-लॅनमध्ये असून तिच्याकडे मागणी पुढे धाडण्याची व्यवस्था केलेली नसणे, ही इतर सामान्य कारणे होत. संगणकावरील सबनेट मास्क वाजवीपेक्षा रुंद असेल तर तो दुसऱ्या जाळ्यातील संगणकास आपल्याच जाळ्यातील समजतो, गेटवेकडे न जाता थेट हाक मारतो, आणि ती हाक व्ही-लॅनच्या सीमेवर विरून जाते.

७. एक उदाहरण

वरील क्रम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. प्रशासकीय इमारतीत ‘अ’, मधल्या इमारतीत ‘म’ व ग्रंथालयात ‘ब’ असे तीन स्विच एका ओळीत जोडलेले आहेत. परीक्षा विभागाची व्ही-लॅन २० व ग्रंथालयाची ३०. दोहोंचा गेटवे व पत्ते वाटणारी सेवा ‘अ’कडे. परीक्षेच्या कामासाठी ग्रंथालयातील एक खोली दिली गेली व तेथील संगणक ‘ब’च्या ७ व्या पोर्टास जोडून ते पोर्ट २० मध्ये घातले. संगणकास १६९.२५४ ने आरंभ होणारा पत्ता मिळाला. शेजारचे ग्रंथालयाचे संगणक मात्र सुरळीत चालत आहेत.

शेजारचे संगणक चालतात, तेव्हा केबली व ट्रंक दुवे जिवंत आहेत. दोष २० पुरताच मर्यादित आहे. ‘ब’वरील यादीत ७ वे पोर्ट २० मध्ये दिसते व पत्त्यांच्या सारणीत संगणकाचा मॅक पत्ताही २० मध्ये आढळतो. म्हणजे ‘ब’ने हाक ऐकली. ‘म’च्या सारणीत तो पत्ता नाही. दोष ‘ब’ व ‘म’ यांच्या दरम्यान. ‘ब’च्या टोकावर चारही भागांत २० आहे, ‘म’च्या टोकावर २० दुसऱ्या भागात आहे, तिसऱ्यात नाही. कारण उघड झाले. मधल्या इमारतीत परीक्षा विभागाचा एकही संगणक नसल्याने ‘म’वर २० ही व्ही-लॅन कोणी निर्माणच केली नव्हती. ज्या गावात उतरावयाचे नाही, त्या गावावरूनही रस्ता जावा लागतो, ही गोष्ट मांडणी करणाराच्या ध्यानातून सुटते.

‘म’वर २० निर्माण केल्यावर पत्ता त्याच्या सारणीत येतो, तथापि संगणकाची स्थिती पालटत नाही. येथे अनेक जण केलेली दुरुस्ती चुकीची होती असे समजून ती मागे घेतात. वस्तुतः पत्ता एक मजल पुढे सरकला आहे, हेच दुरुस्ती योग्य असल्याचे प्रमाण होय. तीच परीक्षा पुढच्या दुव्यावर करावी. ‘अ’च्या सारणीत पत्ता नाही, ‘अ’च्या टोकावरील परवानगीच्या यादीत केवळ १ व ३० आहेत. दुसरा दोष येथे आहे. २० ला परवानगी दिली की संगणकास योग्य पत्ता मिळतो.

८. दुरुस्तीतील दक्षता

याच शेवटच्या पायरीवर मूळ दोषापेक्षा मोठा अपघात संभवतो. परवानगीच्या यादीत २० मिळविण्यासाठी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ या शब्दांनंतर ‘अ‍ॅड’ हा शब्द लिहून मग २० लिहावयाचे असते. तो एक शब्द राहिला तर यादीत २० ची भर पडत नाही. जुनी यादी पुसली जाऊन नवी यादी केवळ २० ची होते. परीक्षेचा एक संगणक चालू होतो आणि सारे ग्रंथालय बंद पडते. स्विचचे व्यवस्थापन त्याच ट्रंकवरून चालत असेल, तर आज्ञा देणाराचा स्वतःचाही मार्ग तुटतो व चूक सुधारण्यासाठी इमारतीपर्यंत चालत जावे लागते.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. बदलापूर्वी दोन्ही टोकांची मांडणी उतरवून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा व तो केल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दूर अंतरावरून काम करताना, ठरावीक मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल अशी ‘रीलोड इन’ ही आज्ञा आधी देऊन ठेवावी. बदल जतन करण्यापूर्वीच मार्ग तुटला तर स्विच जुन्या मांडणीनिशी उठतो, आणि सर्व ठीक झाले तर ती आज्ञा रद्द करून मग बदल जतन करता येतो.

दुसरा धोका व्ही.टी.पी. या रीतीचा. तिच्यामुळे एका स्विचवरील व्ही-लॅनची यादी इतरांवर आपोआप जाते. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ज्याचा आवृत्तिक्रमांक मोठा त्याची यादी खरी मानली जाते. एखादा जुना स्विच, क्षेत्राचे नाव व परवलीचा शब्द तोच असताना मोठा आवृत्तिक्रमांक घेऊन जाळ्यात जोडला गेला, तर त्याची जुनी यादी साऱ्या जाळ्यावर पसरते, तीत नसलेल्या व्ही-लॅन पुसल्या जातात व त्यांची पोर्टे निष्क्रिय होतात. तिसऱ्या आवृत्तीत बदलाचा अधिकार एका मुख्य स्विचकडे ठेवून हा धोका आवरला आहे. जुन्या आवृत्त्या चालू असतील तेथे स्विच जोडण्यापूर्वी त्याला ‘ट्रान्सपरंट’ रीतीत नेऊन त्याचा आवृत्तिक्रमांक शून्यावर आणून घ्यावा.

उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. आधी तीन प्रश्नांनी दोषाचा प्रदेश आखावा. मग पत्त्यांच्या सारणीच्या आधारे तो एका दुव्यापर्यंत आणावा. त्या दुव्याच्या दोन्ही टोकांवरील चार-चार याद्या समोरासमोर ठेवाव्यात. नेटिव्ह व्ही-लॅनचे क्रमांक ताडून पाहावेत. आणि दुरुस्ती एकेक करून प्रत्येकीनंतर चाचणी घ्यावी. संपर्क जुळला म्हणजे काम संपले असे मात्र मानू नये. जो संपर्क होऊ नये तो खरोखर होत नाही ना, ही उलट चाचणीही तितक्याच आस्थेने घेतली पाहिजे. वसतिगृहाच्या पोर्टावर संगणक जोडून परीक्षा विभागाच्या जाळ्यातील हाका तेथे ऐकू येत नाहीत, हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. परीक्षा विभागाचे जाळे अलग ठेवले आहे असे म्हणण्याचा अधिकार या चाचणीनंतरच प्राप्त होतो.